कर्करोगाचे उपचार आणि दातांची निगा: आधी काय उरकावे, नंतर काय सांभाळावे

गालाच्या, जिभेच्या, जबड्याच्या किंवा घशाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरात धावपळ सुरू होते ती स्कॅन, बायोप्सीचा अहवाल, शस्त्रक्रियेची तारीख आणि पैशांची जुळवाजुळव यांची. या यादीत दातांचा क्रमांक शेवटी असतो आणि बरेचदा तो लागतच नाही. ‘आधी जिवावरचे निभावू दे, दातांचे मग पाहू’ हा विचार स्वाभाविक असला, तरी या एका बाबतीत तो उलटा पडतो. ज्या जबड्यावर किरणोपचार होणार आहेत त्यातला खराब दात आधी काढणे हे साधे काम असते. तोच दात उपचार संपल्यावर दोन-चार वर्षांनी काढायची वेळ आली, तर जखम न भरता हाड उघडे पडण्याचा धोका असतो आणि हा धोका काळाबरोबर नाहीसा होत नाही. म्हणून दंतवैद्याची भेट निदानानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, शस्त्रक्रियेची किंवा किरणोपचारांची तारीख पक्की होण्याआधी घ्यावी.

असे का होते, हे थोडक्यात समजून घेतलेले बरे, कारण कारण कळले की पुढचे नियम जाचक वाटत नाहीत. डोके आणि मान यांच्या कर्करोगात किरणोपचार साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे चालतात आणि एकूण मात्रा ६० ते ७० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी असते. या किरणांचा मारा गाठीवर असला, तरी वाटेतल्या लालाग्रंथी आणि जबड्याचे हाड यांनाही तो सोसावा लागतो. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती दात धुते, आम्ल निष्प्रभ करते आणि दातातून निघून गेलेला कॅल्शियम-फॉस्फेटचा अंश परत भरते. ग्रंथी सुकल्या की हे सगळे थांबते आणि पूर्वी कधी कीड न लागलेल्या दातांनाही हिरडीलगत, दाताच्या मानेभोवती गोल फिरत जाणारी कीड लागते. ती काही महिन्यांत पसरते आणि फारशी दुखत नाही, त्यामुळे दात मानेपाशी मोडून हातात येईपर्यंत कित्येकांना पत्ता लागत नाही. हाडाचे दुखणे वेगळे आहे. किरणांनी हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या कमी होतात आणि खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळातच मर्यादित असल्याने जखम भरून काढण्याची त्याची ताकद कायमची घटते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तो खाऊन तोंड आखडलेले रुग्ण अजूनही येतात; दंतमंजनात तंबाखू घालण्यास देशात १९९२ पासून मनाई आहे, पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिथे कुठलीच मनाई पोहोचत नाही. वर्षानुवर्षे मशेरी लावणाऱ्या बाईच्या हिरड्या खाली सरकलेल्या आणि मुळे उघडी पडलेली असतात. गुटखा खाणाऱ्याचे तोंड उपचारांपूर्वीच जेमतेम दोन बोटे उघडत असते. अशा तोंडात काम करायला दंतवैद्याला जास्त वेळ लागतो, म्हणूनही लवकर जावे.

उपचारांपूर्वी

टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत दातांचा स्वतंत्र विभाग असतो आणि तिथे उपचार घेणाऱ्याने तिथेच दाखवणे सर्वांत सोयीचे, कारण किरणोपचाराचा आराखडा तिथल्या डॉक्टरांसमोर असतो. ती सोय नसल्यास मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईत महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे तपासणी करून घेता येते. जाताना संपूर्ण फाइल न्यावी आणि कर्करोगतज्ज्ञांकडून तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात: किरण तोंडाच्या आणि जबड्याच्या नेमक्या कोणत्या भागावर पडणार, अंदाजे मात्रा किती आणि सुरुवात कधी. ही चिठ्ठी नसेल, तर दंतवैद्याला अंदाजाने काम करावे लागते. मग तो एक तर नको इतके दात काढतो, किंवा भीतीपोटी एकही काढत नाही.

पूर्वी किरणोपचारांआधी सरसकट सगळे दात काढून टाकत. ती पद्धत आता मागे पडली आहे आणि चांगले दात जपावेत हेच योग्य आहे. काढायचे ते भरून न येण्याइतके किडलेले, मुळाशी पू धरलेले, हिरडीचा आधार सुटून हलणारे आणि अर्धवट बाहेर येऊन वारंवार सुजणाऱ्या अक्कलदाढा. आणि तेही प्रामुख्याने किरणांच्या वाटेत, विशेषतः खालच्या जबड्यात असलेले. निर्णय घेताना दंतवैद्याने आणखी एक गोष्ट पाहावी आणि नातेवाइकांनी ती त्याला मोकळेपणाने सांगावी: हा माणूस पुढची वीस वर्षे रोज दातांची निगा राखणारा आहे का? ज्याने आजवर ब्रश हातात धरलेला नाही, त्याचा काठावरचा दात वाचवण्याचा हट्ट माझ्या मते त्याच्या भल्याचा नसतो.

दात काढल्यापासून किरणोपचार सुरू होईपर्यंत किमान दहा ते चौदा दिवस मिळायला हवेत. तीन आठवडे मिळाले तर उत्तम. मात्र दातांसाठी कर्करोगाचा उपचार लांबवू नये, आणि म्हणूनच ही घाई आधी करायची. शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर एक चांगली वाट आहे. त्याच भुलीत खराब दात काढून घेता येतात आणि शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार सुरू होईपर्यंत जे काही आठवडे जातात त्यात जखम आपोआप भरते. ही गोष्ट शल्यविशारदाला आधी सांगावी लागते. टेबलावर रुग्ण झोपल्यावर सुचून उपयोग नसतो.

एक सावधगिरी मात्र ठळकपणे सांगायला हवी. गाठीच्या किंवा न भरणाऱ्या जखमेच्या जागी दात हलू लागला असेल, तर तो जवळच्या दवाखान्यात जाऊन उपटून घेऊ नये. तो दात हिरडीच्या आजाराने हलत नसून गाठीने हाड पोखरल्यामुळे हलत असण्याची शक्यता असते आणि रिकाम्या खळग्यातून गाठीला हाडात शिरायला वाट मिळते. आधी बायोप्सी, मग दाताचा विचार.

याच भेटीत दातांची सफाई, किडलेल्या दातांत सिमेंट भरणे, जिभेला किंवा गालाला टोचणाऱ्या कडा घासून गुळगुळीत करणे आणि तारा लावलेल्या असल्यास त्या काढणे ही कामे उरकावीत. धातूची कॅप किंवा चांदीचे भरण असेल, तर किरण तिथे उलटून शेजारच्या गालाला जास्त पोळतात. यासाठी मध्ये काही मिलिमीटर जाडीचा रबरी अडसर ठेवता येतो, तो मागून घ्यावा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये तोंड किती मिलिमीटर उघडते, याची नोंद फाइलवर करून घ्यावी, कारण पुढे व्यायामाचे मोजमाप तिच्याशीच करायचे असते.

फ्लोराइडच्या ट्रेसाठी दातांचे माप द्यायचेही हीच वेळ. तोंड आल्यावर माप घेणे म्हणजे रुग्णाचे हाल. हा ट्रे पातळ पारदर्शक प्लास्टिकचा, दातांवर घट्ट बसणारा असतो. रोज रात्री ब्रश केल्यावर त्यात दंतवैद्याने लिहून दिलेल्या न्यूट्रल सोडियम फ्लोराइड जेलची बारीक रेघ ओढावी, ट्रे बसवावा, हिरडीवर ओघळलेले जेल कापसाने पुसून घ्यावे आणि मान किंचित खाली घालून पाच ते दहा मिनिटे बसावे. जमा झालेले थुंकत राहावे, गिळू नये. ट्रे काढल्यावर चूळ भरू नये आणि अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. ट्रे गार पाण्यानेच धुवावा, गरम पाण्याने तो वाकतो आणि मग बसत नाही. या जेलमध्ये साध्या टूथपेस्टच्या साधारण पाचपट फ्लोराइड असते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या भागांतले लोक फ्लोराइडचे नाव काढताच बिचकतात आणि ते समजण्यासारखे आहे, कारण तिथल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडलेली त्यांनी पाहिली आहेत. पण ते नुकसान वर्षानुवर्षे पोटात गेलेल्या फ्लोराइडचे असते. हे जेल दातांवर लावून थुंकायचे आहे. लहान मुलांच्या हाती मात्र ते लागू देऊ नये.

केमोथेरपी चालू असताना

रक्ताचा कर्करोग असो, स्तनाचा असो किंवा आतड्याचा, केमोने तोंडावर परिणाम होऊ शकतो, पण इथे मुख्य अडचण हाडाची नसून रक्तातल्या पेशींची असते. औषध दिल्यावर साधारण सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान काउंट, म्हणजे रक्तपेशींची संख्या, सर्वांत खाली जातात आणि पुढच्या सायकलच्या (औषधाच्या फेरीच्या) आधीचे काही दिवस ते बरे असतात. दातांचे कोणतेही काम करायचे तर ते या बऱ्या दिवसांत, कर्करोगतज्ज्ञांना विचारून आणि आदल्या किंवा त्याच दिवशीच्या रक्ततपासणीनंतरच करावे. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ५०,००० च्या खाली किंवा न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या खाली असतील, तर दात काढण्यासारखे काम पुढे ढकलावे आणि ते अगदी टळत नसेल, तर रुग्णालयातच करावे.

पांढऱ्या पेशी कमी असताना दाताखाली पू झाला तरी सूज दिसत नाही, कारण सूज आणि पू तयार करायलाही त्याच पेशी लागतात. म्हणून नुसता ताप आणि दाढेतली हलकी ठणक यांकडे दुर्लक्ष करू नये. ताप ३८ अंश सेल्सिअसला, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोहोचला, तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट न पाहता रुग्णालयात फोन करावा, रात्र असली तरी. उलट बाजूने, व्हिन्क्रिस्टिन हे औषध चालू असलेल्या मुलांच्या दोन्ही जबड्यांत कधीकधी दातदुखीसारख्या कळा येतात. तपासणीत दात निरोगी निघतात, कारण ते दुखणे मज्जातंतूंचे असते. अशा वेळी दात काढण्याची घाई करू नये.

फ्लुरोयुरॅसिल हे औषध शिरेतून एकदम दिले जाते तेव्हा पाच मिनिटे आधीपासून सुमारे अर्धा तास बर्फाचे लहान तुकडे तोंडात घोळवत ठेवल्यास तोंड येण्याचे प्रमाण कमी होते. गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि औषध तिथे कमी पोहोचते. पण त्याच सायकलमध्ये ऑक्झॅलिप्लॅटिन असेल, तर बर्फ वर्ज्य आहे, कारण त्या औषधामुळे गार वस्तूचा स्पर्शही घशाला सहन होत नाही. नर्सला औषधांची नावे विचारल्याशिवाय घरून बर्फ नेऊ नये.

रोजची निगा

ब्रश अगदी मऊ केसांचा घ्यावा आणि वापरण्याआधी कोमट पाण्यात बुडवून आणखी मऊ करावा. दिवसातून दोनदा, शक्य झाल्यास प्रत्येक जेवणानंतर, हिरडीच्या कडेने हळू फिरवावा. वापरल्यावर तो बंद डब्यात न ठेवता उभा वाळवावा आणि दर महिन्याला, तसेच तोंडात बुरशी झाल्यास ती बरी होताच, बदलावा. राखुंडी, मीठ-तेल, भरड दंतमंजन आणि बोटाने चोळणे पूर्ण बंद. टूथपेस्ट झोंबत असेल, तर पुदिन्याचा तीव्र स्वाद नसलेली आणि फेस न करणारी, पण फ्लोराइड असलेली घ्यावी; तीही सहन होत नसेल, तर ते काही दिवस नुसत्या मीठ-सोड्याच्या पाण्यात (कृती पुढे दिली आहे) ब्रश बुडवून दात घासावेत, पण घासणे सोडू नये. प्लेटलेट फार खाली गेल्या आणि हिरड्यांतून आपोआप रक्त येऊ लागले, तर ब्रश थांबवून ओल्या गॉजने दात पुसावेत आणि डॉक्टरांना कळवावे.

मीठ-सोड्याचे पाणी हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ आणि तितकाच खाण्याचा सोडा घालून बाटली भरून ठेवावी. सोडा खाण्याचाच हवा. कपड्यांचा सोडा किंवा बेकिंग पावडर चालत नाही आणि किराणा दुकानात सुटा सोडा घेताना ही गल्लत होते, म्हणून नाव छापलेले पाकीट घ्यावे. दिवसातून चार ते सहा वेळा आणि तोंड आल्यावर जागेपणी दर दोन तासांनी, तोंडभर घोट घेऊन अर्धा मिनिट हलके फिरवावा आणि थुंकावा; खळखळून जोर लावायची गरज नाही. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी फेकून नवे करावे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरून रोज किरणोपचाराला जाणाऱ्यांनी मीठ, सोड्याचे पाकीट, चमचा आणि झाकणाची बाटली सोबतच ठेवावी, म्हणजे स्वयंपाकघर कधी मोकळे होते याची वाट पाहावी लागत नाही.

नाकातून नळी घातली की तोंडाने काही जात नाही, मग तोंड कशाला धुवायचे, असा समज असतो. तो चुकीचा आहे. न खाणाऱ्याच्या तोंडात थर जास्त साचतो, कारण चावण्याने आणि गिळण्याने होणारी सफाईसुद्धा थांबलेली असते. नळी असलेल्या रुग्णाचे तोंड दिवसातून निदान चार वेळा स्वच्छ करावे.

कवळी असणाऱ्याने ती रात्री काढून, ब्रशने घासून, पाण्यात ठेवावी आणि तोंड आले असताना जेवणापुरतीही घालू नये. किरणोपचारांनंतर नवी कवळी केव्हा बसवायची, हे हिरड्या पाहून डॉक्टरच ठरवतात. काही महिने थांबावे लागते.

तोंड आल्यावर

किरणोपचार सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून लाल होऊन सोलवटते. हे पूर्णपणे टाळता येत नाही, पण बेन्झिडामिनच्या गुळण्या आणि काही केंद्रांत मिळणारा कमी शक्तीचा लेसर यांनी त्याची तीव्रता घटते, डॉक्टरांना विचारावे. जाहिरातीतले अल्कोहोलयुक्त माउथवॉश वापरू नयेत. क्लोरहेक्सिडिन हिरड्यांच्या आजारासाठी चांगले असले, तरी तोंड येणे त्याने टळत नाही. लवंगेचे तेल फोडांवर लावू नये, त्याने आणखी भाजते. मधाचा काही अभ्यासांत फायदा दिसला आहे, पण लाळ सुकलेल्या तोंडात मध दातांना चिकटून राहतो. लावलाच तर थोड्या वेळाने मीठ-सोड्याच्या पाण्याने चूळ भरावी. पांढरे, पुसले जाणारे डाग किंवा जिभेची सततची जळजळ दिसली, तर ती बहुधा बुरशी असते आणि तिला औषध लागते.

खाण्याबाबत दोन बाजू सांभाळाव्या लागतात. वजन घटू द्यायचे नाही, हे पहिले. मऊ भात-तूप, मुगाची खिचडी, पेज, रव्याची खीर, शिजवून कुस्करलेली अंडी हे पदार्थ उतरतात. लिंबू, चिंच, कोकम, आंबट ताक आणि तिखट झोंबते. दुसरे म्हणजे भेटायला येणारा प्रत्येक जण ‘ताकद यावी’ म्हणून ग्लुकोज पावडर, सरबत आणि बिस्किटे आणतो आणि रुग्ण दिवसभर त्यांचा घोट-घोट, तुकडा-तुकडा घेत राहतो. कोरड्या तोंडात दातांना यापेक्षा वाईट काही नाही. गोड द्यायचे तर जेवणाबरोबरच द्यावे, मधल्या वेळात घोटायला साधे पाणी ठेवावे आणि चघळायला हवेच असेल, तर झायलिटॉल असलेला साखरविरहित च्युइंगम द्यावा. पिलोकार्पिनच्या गोळ्यांनी काहींना लाळ सुटते, पण दमा किंवा काही प्रकारचा काचबिंदू असल्यास त्या चालत नाहीत.

तोंड आखडू नये म्हणून व्यायाम पहिल्या दिवसापासून करावा, दुखू लागल्यावर नव्हे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून पुढच्या दातांमध्ये धरतात आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दर काही दिवसांनी एक काडी वाढवतात. तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडू लागले, तर ब्रश नीट आत जात नाही आणि दंतवैद्याची अवजारेही जात नाहीत.

हाडांसाठीची इंजेक्शने

स्तन किंवा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरल्यावर, तसेच मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब ही औषधे देतात. त्यांच्यामुळेही जबड्याचे हाड उघडे पडू शकते. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या गटातल्या औषधांबाबत हे २००३ च्या सुमारास प्रथम नोंदले गेले. पहिल्या इंजेक्शनआधी दात तपासून, काढायचे ते काढून घ्यावेत. सुरू झाल्यानंतर दातांच्या दवाखान्यात ही इंजेक्शने आवर्जून सांगावीत, कारण ती गोळ्यांच्या यादीत नसल्याने कोणी विचारतही नाही.

उपचार संपल्यावर

पहिल्या वर्षात दंतवैद्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी जावे. फ्लोराइडचे जेल लाळ परत येईपर्यंत, आणि ती पुरेशी आली नाही तर कायम, लावावे. दर आठवड्याला उजेडात, गाल बोटाने बाजूला धरून घरच्या माणसाने हिरडीलगतची तपकिरी रेघ, नवा खड्डा किंवा जिभेला खरखरीत लागणारे उघडे हाड आहे का ते पाहावे आणि दिसल्यास त्याच आठवड्यात दाखवावे.

किरण पडलेल्या जबड्यातला दात पुढे दुखू लागला, तर शक्यतो रूट कॅनाल करून मूळ जागेवरच ठेवावे. वरचा भाग मोडला असेल, तर तो हिरडीच्या पातळीला घासून मूळ बंद करतात. काढणे अटळच असेल, तर कर्करोग रुग्णालयातल्या दंतविभागाकडेच जावे. त्यासाठी कोणत्या साली, कोणत्या बाजूला, किती ग्रे दिले होते, हे लिहिलेल्या डिस्चार्ज कागदाची प्रत मोबाइलमध्ये आणि पाकिटात ठेवावी. दहा-पंधरा वर्षांनी नव्या गावातला नवा दंतवैद्य चिमटा हातात घेण्याआधी त्याला ती दाखवावी.